मुंबईचे दोन संघ : १९४४-४५ आणि १९७२-७३



कामगार संघटनेचा माणूस वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असणे स्वाभाविक आहे. आज मात्र आम्ही क्रिकेटच्या दोन संघांविषयी बोलणार आहोत. रणजी करंडक जिंकणारा १९४४-४५ सालचा मुंबईचा संघ आणि तोच करंडक जिंकणारा १९७२-७३ सालचा मुंबईचा संघ, या दोहोंत थोर कोणता, हा आमचा विषय. विषय खेळाचा असला तरी त्याकडे पाहण्याची आमची रीत संघटनेच्या कामातूनच आलेली आहे.

गडबसारख्या गावात, जेथे पोराला चालता आले की तो कबड्डीच्या रेघेशी जाऊन उभा राहतो, तेथे क्रिकेटची गोष्ट कशासाठी, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. आपल्या मैदानावर कबड्डीचे गुण खडूने फळ्यावर लिहिले जातात आणि सामना संपला की फळा पुसला जातो. मग जुना संघ मोठा की नवा, हा वाद ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने सुटतो. क्रिकेटवाल्यांनी मात्र सुरुवातीपासून चेंडूचेंडूंची वही ठेवली. त्यामुळे दोन काळांची तुलना करावयाची तर कशी करावी, याचा धडा त्यांच्या वहीवरून घेता येतो.

तुलनेचा प्रश्न आम्हांला नवा नाही. संघटनेच्या कामात तो रोजच पुढे येतो. रात्रपाळीने इतके वार कापड काढले, दिवसपाळीने त्याहून कमी काढले. तेव्हा दिवसपाळीचे कामगार आळशी, असे पत्रक व्यवस्थापन काढते. आकडे खोटे नसतात. परंतु आम्ही विचारतो, माग कोणते होते? सूत कोणते होते? किती वेळ धागा तुटत होता, किती वेळ वीज गेली होती? ही माहिती मिळाली की तोच आकडा वेगळे बोलू लागतो. आपल्या खारेपाटातील शेतकऱ्यालाही हे शिकवावे लागत नाही. ज्या वर्षी उधाणाने बांधाला खांड पडून खारे पाणी शेतात शिरले, त्या वर्षीची खंडी आणि बांध शाबूत राहिलेल्या वर्षीची खंडी तो एका मापाने मोजीत नाही. शाळा लवकर सुटलेल्या आमच्यासारख्यांना आकडेमोड पगारपत्रकाने शिकविली. आणि पगारपत्रकाने शिकविलेला पहिला नियम हाच की, आकड्यापाशी त्याची परिस्थिती लिहिलेली नसेल तर त्यावर सही करू नये.

आता पहिला संघ पाहू.

मार्च १९४५. युरोपात महायुद्ध अजून चालू होते. मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर मुंबई आणि होळकर यांचा अंतिम सामना झाला. त्या काळी अंतिम सामन्याला दिवसांचे बंधन नसे. निकाल लागेपर्यंत खेळ चाले. मुंबईने पहिल्या डावात ४६२ धावा केल्या. होळकरांनी ३६० केल्या. दुसऱ्या डावात मुंबईने ७६४ धावांचा डोंगर रचला. त्यांत कर्णधार विजय मर्चंट यांच्या एकट्याच्या २७८ होत्या. रुसी मोदी यांनी दोन डावांत ९८ आणि १५१ धावा काढल्या, आणि त्या एका हंगामात पाच सामन्यांत त्यांची बेरीज १००८ झाली. रणजी करंडकाच्या एका हंगामात हजारी गाठणारे ते पहिले फलंदाज. होळकरांपुढे विजयासाठी ८६७ धावांचे लक्ष्य होते. त्यांनी ४९२ केल्या आणि ते ३७४ धावांनी हरले. चारही डावांची बेरीज २०७८ होते.

हरलेल्यांची हजेरीही येथे नोंदली पाहिजे. होळकरांचे कर्णधार सी. के. नायडू होते. मुश्ताक अली यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन त्या वेळी सैन्याच्या नोकरीत महू येथे होता. तो होळकरांकडून खेळला आणि दुसऱ्या डावात २४९ धावा करून नाबाद राहिला. शतकानंतरच्या प्रत्येक धावेला रोख बक्षीस देण्याचे एका धनिकाने कबूल केले होते, आणि सामना संपल्यावर तो धनिक तातडीच्या कामासाठी कलकत्त्यास गेल्याची चिठ्ठी तेवढी हाती पडली, ही गोष्ट कॉम्प्टन पुढे हसत हसत सांगत असे. उक्त्या कामाचे पैसे अंगावर घेतलेल्या आमच्या कित्येक बांधवांना ती चिठ्ठी ओळखीची वाटेल.

परंतु त्या सामन्यातील सर्वांत मोठे काम आमच्या मते वेगळ्याच माणसाने केले. सी. के. नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी त्या एका सामन्यात १५२ षटके आणि ५ चेंडू, म्हणजे एकंदर ९१७ चेंडू टाकले. एका सामन्यात इतके चेंडू दुसऱ्या कोणी टाकल्याची नोंद नाही. ४२८ धावा देऊन त्यांनी ११ गडी बाद केले, आणि त्यांचा संघ हरला. मुंबईच्या १२२६ धावांखाली हा एका माणसाचा खांदा आहे. मर्चंट आणि मोदी यांच्या धावा सांगताना जो या ९१७ चेंडूंचा उल्लेख करीत नाही, तो मालाचा भाव सांगतो आणि मजुरी सांगत नाही.

आता दुसरा संघ.

१९७२-७३ चा अंतिम सामना मद्रासला चेपॉकच्या मैदानावर मुंबई आणि तामिळनाडू यांच्यात झाला. यजमानांकडे व्यंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार हे कसोटी दर्जाचे फिरकी गोलंदाज होते, आणि खेळपट्टी पहिल्या दिवसापासून चेंडू वळविणारी होती. मुंबईने पहिल्या डावात १५१ आणि दुसऱ्या डावात ११३ धावा केल्या. या धावा १९४५ च्या एकट्या मर्चंट यांच्या दुसऱ्या डावापेक्षाही कमी भरतात. पण तामिळनाडूचा पहिला डाव ८० धावांत आटोपला आणि दुसरा ६१ धावांत. पद्माकर शिवलकर यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. मुंबई १२३ धावांनी जिंकली. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. चारही डावांची बेरीज ४०५.

मुंबईचा हा लागोपाठ पंधरावा करंडक होता. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत तो दुसऱ्या कोणाच्या हाती गेला नव्हता. पुढच्याच हंगामात बंगलोरच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने ही साखळी तोडली.

आता नुसते आकडे समोरासमोर मांडून पाहा. दोन्ही सामन्यांत चाळीस चाळीस गडी बाद झाले. १९४५ साली एका गड्यामागे सुमारे ५२ धावा पडल्या, १९७३ साली सुमारे १०. मग काय, १९४५ चे फलंदाज पाच पटींनी चांगले होते? की १९७३ चे गोलंदाज पाच पटींनी चांगले होते? दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. आणि एकेकटे घेतले तर त्यांपैकी एकही खरे नाही. ५२ हा आकडा ब्रेबोर्नच्या फलंदाजधार्जिण्या खेळपट्टीचा आणि मुदत नसलेल्या सामन्याचा आहे. १० हा आकडा चेपॉकच्या मातीचा आहे. येथे माग बदललेला आहे, सूतही बदललेले आहे.

तेव्हा दुसऱ्या रीतीने मोजू. दोन्ही संघ एकाच मैदानावर, एकाच वेळी खेळले. परिस्थितीचा भार दोघांवर सारखा होता. मग प्रतिपक्षाच्या दर शंभर धावांमागे मुंबईने किती केल्या, हे पाहावे. १९४५ साली होळकरांच्या दोन डावांची बेरीज ८५२, मुंबईची १२२६. म्हणजे शंभरास १४४. १९७३ साली तामिळनाडूची बेरीज १४१, मुंबईची २६४. म्हणजे शंभरास १८७. या मापाने पाहिले तर ज्या संघाच्या धावा केविलवाण्या दिसत होत्या, त्याचा विजय अधिक निर्णायक ठरतो. एकट्या आकड्याने आपल्याला किती भलत्या दिशेला नेले असते, हे यावरून दिसेल.

परंतु येथेही थांबणे बरोबर नाही. अवघड खेळपट्टीवर एकच गोलंदाज तळपला तर एका दिवसात हे प्रमाण उलटेपालटे होऊ शकते. प्रतिपक्ष कोणता होता, हाही प्रश्न आहेच. होळकरांचा संघ १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा करंडक घेऊन गेला. अशा बलाढ्य संघाला हरविण्याचे श्रेय पहिल्या संघाला द्यावेच लागेल. उलट, मुंबईच्या पंधरा विजयांच्या काळात संस्थाने गेली होती, संस्थानिकांचे संघ मोडले होते, आणि १९६०-६१ ते १९६९-७० या दहा हंगामांत एकट्या राजस्थानला सात वेळा अंतिम सामन्यात मुंबईकडून हार खावी लागली. तेव्हा समोर पहिलवान नव्हताच, असे म्हणणारे म्हणतात. त्यांना आम्ही एवढेच सांगू की, राजस्थानच्या त्या संघांतून सलीम दुराणी आणि हनुमंत सिंग खेळत होते, आणि आपले मुंबईचे विजय मांजरेकरही खेळले होते. ही माणसे दुबळी म्हणता येणार नाहीत.

म्हणून एका सामन्यावरून निकाल न देता सातत्य पाहावे. १९४४-४५ चा करंडक मुंबईचा; त्याच्या आधीचा, १९४३-४४ चा, वेस्टर्न इंडियाचा; आणि त्याच्या नंतरचा, १९४५-४६ चा, होळकरांचा. म्हणजे इतका मोठा संघ एक वर्ष जिंकला आणि पुढच्या वर्षी करंडक टिकवू शकला नाही. याउलट १९७०-७१ साली काय झाले ते पाहा. अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर, एकनाथ सोलकर आणि अशोक मांकड हे मुंबईचे पाच मोहरे भारताच्या संघाबरोबर वेस्ट इंडीजमध्ये होते. मुंबईत उरलेल्यांचे नेतृत्व सुधीर नाईक यांच्याकडे आले. त्यांनी अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवून करंडक मुंबईतच ठेवला. गिरणीच्या भाषेत बोलावयाचे तर पाच कायम कामगार रजेवर गेले आणि बदली कामगारांनी खाते पूर्ण उत्पादनावर चालविले. हे ज्या खात्यात घडते, त्या खात्याची व्यवस्था चांगली आहे असे समजावे.

ही व्यवस्था कोठून आली, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे.

१९४५ च्या सुमारास क्रिकेटपटूच्या पोटाचा प्रश्न दोन दारांशी सुटत असे. एक दार राजवाड्याचे. सी. के. नायडू होळकर संस्थानच्या नोकरीत होते. यशवंतराव होळकरांच्या आश्रयानेच तो संघ उभा राहिला होता. दुसरे दार घरच्या संपत्तीचे. विजय मर्चंट हे ठाकरसी या गिरणीमालक घराण्यातले. त्यांच्या फलंदाजीविषयी आम्ही बोलणे म्हणजे समुद्राला मीठ दाखविणे; प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी ७१.६४ आहे आणि जगात त्यांच्यावर फक्त ब्रॅडमन आहेत. गुणाला आम्ही वर्ग पाहून कमी-अधिक मान देत नाही. पण ज्याला राजाश्रय नाही आणि घरी गिरणी नाही, अशा मुलाने पाच-सहा दिवसांचा सामना खेळावयाचा तर त्या दिवसांची मजुरी कोणी भरून द्यावयाची, या प्रश्नाला त्या काळी उत्तर नव्हते.

पुढच्या पंचवीस वर्षांत मुंबईने त्याचे उत्तर शोधले. बँका, सिमेंट कंपन्या, कापडाच्या कंपन्या यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. पॉली उम्रीगर आणि बापू नाडकर्णी ए.सी.सी.मध्ये होते. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते. गावसकर निरलॉनमध्ये होते. या कचेऱ्यांचे संघ टाइम्स शील्डसाठी आपसांत लढत, आणि ते सामने खेळण्यासाठी, तसेच रणजीसाठी, खेळाडूला रजा मिळे व त्या रजेचा पगार मिळे. पगारी रजा हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे गणपतीला गावी येणारा चाकरमानी उभा राहतो. मुंबईच्या पंधरा करंडकांच्या पायाखाली हाच शब्द आहे, हे फार थोड्या लोकांच्या लक्षात येते.

याच व्यवस्थेबरोबर एक दुसरी गोष्ट वाढली. १९४८ साली मुंबईत डॉ. कांगा लीग सुरू झाली. ही स्पर्धा भर पावसाळ्यात खेळतात. ओली खेळपट्टी, वाढलेले गवत, कधी उसळणारा तर कधी जमिनीलगत सरपटणारा चेंडू. आपल्याकडे ज्याने चिखलातून नांगर धरला त्याला कोरड्या जमिनीची भीती राहत नाही, तसेच हे. १९४४-४५ च्या संघाच्या वेळी ही शाळा नव्हती. १९७२-७३ चा संघ तिच्यातच घडलेला होता. चेपॉकच्या वळणाऱ्या खेळपट्टीवर १५१ आणि ११३ या धावा कशा झाल्या, आणि त्याच खेळपट्टीवर यजमान स्वतःच कसे अडकले, याचे मोठे उत्तर मद्रासपेक्षा मुंबईच्या आषाढ-श्रावणातल्या मैदानांत सापडेल, असे आमचे मत आहे.

त्या संघातील दोन माणसे पाहा. एकनाथ सोलकर यांचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणारे माळी. ज्या मैदानावर बाप खेळपट्टीला पाणी मारीत होता, त्याच मैदानावर मुलगा खेळ शिकला. आणि पुढे २७ कसोटींत त्याने ५३ झेल घेतले. तीस वर्षांपूर्वी हा मुलगा मैदानाच्या कडेला चेंडू आणून देत राहिला असता. दुसरे पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत त्यांनी ५८९ गडी बाद केले. एकाच काळात बिशनसिंग बेदी असल्यामुळे त्यांना एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. चेपॉकवर ३४ धावांत १३ गडी बाद करणारा माणूस आयुष्यभर उमेदवारच राहिला. २०१७ साली क्रिकेट मंडळाने त्यांना सी. के. नायडूंच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला, आणि मार्च २०२५ मध्ये ते गेले. योग्यता असून कायम न झालेला कामगार कोणाला पाहावयाचा असेल, तर तो त्यांनी शिवलकरांच्या रूपाने पाहावा. फरक इतकाच की, मुंबईने त्यांना कधी बदली समजले नाही.

तेव्हा आमचा निकाल काय? एकेक माणूस घेतला तर १९४४-४५ चा संघ भारी. मर्चंट आणि मोदी यांच्या तोडीची जोडी त्या हंगामात तरी देशात दुसरी नव्हती. संघ म्हणून घेतला तर १९७२-७३ चा भारी. कारण त्याचे बळ एका-दोघांच्या बॅटीवर अवलंबून नव्हते, ते नोकरी, रजा, पावसाळी मैदाने आणि कचेऱ्यांचे सामने यांनी बांधलेल्या पद्धतीवर अवलंबून होते. गंमत अशी की, या दोन संघांना जोडणारा दुवा मर्चंट हेच आहेत. १९७१ च्या आरंभी ते निवड समितीचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्याच निर्णायक मताने भारताचे कर्णधारपद पतौडींकडून वाडेकरांकडे आले. संस्थानच्या नबाबाच्या जागी बँकेतला नोकरदार कर्णधार झाला, आणि ते मत गिरणीमालक घराण्यातल्या माणसाने दिले. इतिहास आमच्या पत्रकांइतका सरळ रेषेत चालत नाही, हे आम्ही येथे मोकळेपणाने नोंदवून ठेवतो.

हा हिशेब केवळ जुन्या काळाचा नाही. आज वरच्या थरातील खेळाडूला पैसा चांगला मिळतो. २००८ साली आय.पी.एल. सुरू झाल्यापासून तर त्याची भाषाच बदलली. निवृत्त खेळाडूंनाही निवृत्तिवेतन आहे. २०२२ साली प्रथम श्रेणीच्या जुन्या खेळाडूंचे मासिक १५,००० रुपये वाढवून ३०,००० करण्यात आले. हे चांगलेच झाले. परंतु मधला थर, म्हणजे सकाळी सराव करून दहा वाजता कचेरीत सही करणारा आणि साठाव्या वर्षी भविष्यनिर्वाह निधी घेऊन घरी जाणारा खेळाडू, तो कमी होत गेला आहे. कबड्डीचेही तसेच आहे. २०१४ पासून प्रो कबड्डीने या खेळाला झगमगाट दिला, आणि त्याचा आम्हांला आनंद आहे. पण रायगडच्या मातीत गुडघे फोडून घेणाऱ्या शंभर पोरांपैकी मॅटवर एखादाच पोहोचतो. उरलेल्यांनी काय करावयाचे? आमच्या या पेण-रोहे पट्ट्यात कारखाने आहेत. त्यांत खेळाडू म्हणून घेतलेला मुलगा जर अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असेल, आणि सामन्याच्या दिवसाचा त्याचा पगार कापला जात असेल, तर पंधरा करंडकांची पद्धत आपण मोडून टाकली आणि १९४५ सालच्या दोन दारांपाशी परत आलो, असाच त्याचा अर्थ होतो.

म्हणून येथे बसलेल्या तरुणांना दोन गोष्टी सुचवून आम्ही थांबतो. पहिली, गावच्या संघासाठी एक जाड वही घाला. सामना कोणत्या मैदानावर झाला, माती ओली होती की कोरडी, समोर कोण होते, कोण जखमी होऊन बसला, चढाई कोणी किती केली, हे सारे तिच्यात लिहा. फक्त जिंकलो-हरलो एवढे लिहू नका. पन्नास वर्षांनी येथेच कोणी तरी उभा राहून आजच्या संघाची तुलना त्या वेळच्या संघाशी करील, तेव्हा त्याला आवाज चढविण्याची गरज पडू नये. दुसरी, त्या वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तो कामाला कोठे आहे आणि सामन्याच्या दिवसाचा पगार त्याला मिळाला की नाही, हेही लिहीत जा. पहिल्या पानांवरून संघ कसा खेळला ते कळेल. तो पुढच्या वर्षी उभा राहील की नाही, हे शेवटच्या पानावरून कळेल.